पंगतीचा सुपरवायझर

आमच्या रघुभाऊंना राग आला की ते तो माइकवरून जाहीर करतात.

खोटं वाटत असेल तर धसईजवळच्या आमच्या गावात कुठल्याही लग्नाला या. मांडवात पंगत बसलेली असते, पत्रावळीवर भात पडलेला असतो आणि कर्ण्यातून आवाज येतो, "वाढप्यांनी इकडे लक्ष द्यावं. मला आता राग आलेला आहे. कारण मागच्या ओळीला डाळ गेलेली नाय. मी माझा राग ओळखलेला आहे. आता मी दीर्घ श्वास घेत आहे." मग अख्ख्या गावाला तो श्वास ऐकू येतो. आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच कर्ण्यातून, "अरे डाळ कुठं मेली रे गाढवांनो!"

नवखे पाहुणे घाबरतात. एकदा वराकडची एक म्हातारी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "कोन गो हे? तब्येत बरी हाय ना त्यांची?" मी म्हटलं, "मावशी, तब्येत ठणठणीत आहे. ट्रेनिंग झालंय त्यांचं."

रघुभाऊ माझे शेजारी. मी धसईच्या बाजारात ब्लाऊज शिवते, ते मुरबाडला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. पण कारखाना ही त्यांची फावल्या वेळातली नोकरी. खरं काम पंगतीचं. आमच्याकडे अजून लग्नाला वाढायला भाड्याची माणसं येत नाहीत. प्रत्येक घरातून एक जण येतो. तुमच्या लग्नात माझा मुलगा बादली धरणार, माझ्याकडच्या लग्नात तुमचा. या फौजेचे सेनापती रघुभाऊ. त्यांना कोणी नेमलं, कधी नेमलं, कोणाला विचारू नका. मला वाटतं, जन्मल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली असेल ती म्हणजे सुईणीला ओरडले असतील, "गरम पाणी कुठंय?"

त्यांचे नियम पाठ आहेत आम्हाला. "बादली भुईला टेकायची नाय!" "वाढप्याची नजर पानावर, पोरींवर नाय!" "मागितल्यावर वाढतो तो कसला वाढपी?" भाताच्या टोपापाशी ते झाकण ढालीसारखं धरून उभे राहायचे. एकदा तर भटजींना म्हणाले, "महाराज, मंगलाष्टकं जरा आटपतं घ्या, भात निवतोय." भटजींनीही बिचाऱ्यांनी नवरा-नवरीला घाईघाईत सावधान करून टाकलं.

ट्रेनिंगचं असं झालं. कारखान्यातल्या कामगारांनी तक्रार केली की हे फार ओरडतात. साहेबांनी सगळ्याच सुपरवायझरांना शहापूरला एका हॉटेलात नेतृत्वाच्या शिबिराला बसवलं. तिथं एका तरुण मॅडमनी सांगितलं की पुढाऱ्यानं आधी स्वतःला ओळखावं. मनात काय चाललंय त्याला नाव द्यावं, ते शांतपणे बोलून दाखवावं, श्वास घ्यावा. आणि समोरच्यालाही काय वाटतं ते विचारावं.

रघुभाऊ तिथून परत आले ते थेट माझ्या कुंपणापाशी. "ताई, माणसाला स्वतःचा राग ओळखता आला पायजे."

"अहो भाऊ, तुमचा राग पार टोकावड्यापर्यंत ओळखतात. तुमचीच ओळख व्हायची राहिली होती."

ते हसले नाहीत. हसण्याचं शिबिर बहुधा पुढच्या वर्षी असणार.

घरात सराव सुरू झाला. जेवताना बायकोला, वनितावहिनींना, म्हणाले, "भाजीत मीठ नाय. मला खेद वाटत आहे." वहिनी म्हणाल्या, "वाटू दे. मीठ डब्यात आहे, हात लांब करा." मुलीला, सुप्रियाला, रोज संध्याकाळी दारातच विचारायचे, "आज तुला कसं वाटलं?" ती आपली दमून आलेली. म्हणायची, "भूक लागल्यासारखं वाटलं, बाबा."

इथवर सगळी गंमत होती. मग माघातल्या एका लग्नात जितूचा प्रकार झाला.

जितू आमच्या गावचा टमटमवाला. धसई-मुरबाड गाडी मारतो, आणि पोरांचा म्होरक्या. तो "चला" म्हणाला की सगळी पोरं बादल्या उचलतात. त्या दिवशी त्याचा पाय दोरीत अडकला आणि डाळीची बादली आडवी झाली. कुणाला भाजलं नाही, काही नाही. दुसरा कोणी असता तर चार शिव्या देऊन मोकळा झाला असता, जितूनंही त्या हसत खाल्ल्या असत्या. पण रघुभाऊंना नेमकं शिबिर आठवलं. त्यांनी माइक घेतला. "जितूनं डाळ सांडलेली आहे. त्यामुळे मला वाईट वाटलेलं आहे. मी शिवी देणार नाय. जितू, इकडं ये. तुला आता कसं वाटतंय ते सगळ्यांना सांग."

आणि माइक त्याच्या तोंडासमोर धरला. पंगतीत कोण बसलं होतं? जितूला नवरा म्हणून बघायला आलेली एका मुलीकडची माणसं.

जितूचा चेहरा असा झाला की मलाच बघवेना. त्यानं रिकामी बादली भुईला टेकवली आणि मांडवाबाहेर चालता झाला. त्याच्यामागून एकेक करत बाकीची पोरं. उरलेली पंगत आम्ही बायकांनी पदर खोचून वाढली. रघुभाऊ माइक हातात धरून उभेच. त्यांना खरोखर कळलं नव्हतं की आपलं काय चुकलं. मॅडमनी सांगितलं तसंच तर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरांचा निरोप आला, "काका असतील तर आमी वाढायला नाय." आणि वैशाखात सुप्रियाचं लग्न. एकुलती एक लेक, शहापूरचं सासर, तिकडून बसच्या बस भरून वऱ्हाड येणार.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, कॅटररला सांगायचं. अहो, आमच्याकडे लग्नात गाव वाढायला आलं नाही याचा अर्थ गावानं तुम्हाला सोडलं. ज्यानं साऱ्या गावाच्या पंगती उठवल्या, त्याच्याच मुलीच्या लग्नात परके लोक टोपी घालून वाढणार? हा विचार सुद्धा त्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

शेवटी सुप्रियाच बोलली. ओट्यावर, माझ्यासमोर. "बाबा, तुमी जितूदादाला कधी विचारलंत, त्याला काय वाटतं?"

"विचारलं की! माइकवर विचारलं."

"माइकवर नाय हो बाबा. घरी जाऊन."

संध्याकाळी मी काज करत बसले होते, तर रघुभाऊ कुंपणाशी येऊन उभे राहिले. हातात माइक नाही, तोंडात हुकूम नाही. माझ्या सुईकडे बघत म्हणाले, "ताई, आमच्या आक्काच्या लग्नात भात संपला होता. वराकडची माणसं अर्ध्या पानावरून उठली. आमचा बाप टोपी काढून एकेकाच्या पानापुढं हात जोडत फिरला. मी लहान होतो. अजून पंगत बसली की मला तो रिकामा टोपच दिसतो." मग म्हणाले, "त्या मॅडमनी रागाला नाव द्यायला सांगितलं. मी चुकीचं नाव दिलं. मला राग येतच नाय बहुतेक. मी घाबरतो."

मी म्हटलं, "भाऊ, हेच जितूला सांगा," आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून मान खाली घालून काज करू लागले.

ते गेले. जितूच्या आईनं मला नंतर सगळं सांगितलं. जितू टमटम धूत होता. रघुभाऊ म्हणाले, "चुकलो रे. भात संपंल म्हणून माझा जीव जातो, आणि मी तुमच्यावर खेकसतो. त्या दिवशी तुला लाज आणली मी." जितूनं पाण्याचा पाईप बंद केला. मग म्हणाला, "काका, आमाला वाटायचं आमी तुमाला नालायक वाटतो." रघुभाऊंना हे ऐकून इतका धक्का बसला की ते टमटमच्या ओल्या सीटवरच बसले. नवी पँट होती.

जितूनं अट घातली. लग्नात पंगत तो सांभाळणार. माइक नाही, आणि काकांनी टोपाजवळ फिरकायचं नाही. रघुभाऊंनी कबूल केलं.

लग्नाच्या दिवशी माणूस बघण्यासारखा होता! पांढरा सदरा, टोपी, दोन्ही हात पाठीमागे गच्च धरलेले. एकदा पाय टोपाकडे वळले, जितूनं नुसतं बघितलं, तर हे तहान लागल्याचं सोंग करून माठाकडे गेले. दिवसभरात एवढं पाणी प्यायले की मला काळजी वाटायला लागली. पंगतीमागून पंगती बसल्या, उठल्या. भात कुठं कमी पडला नाही, डाळ कुठं थांबली नाही. पोरं नुसती वाऱ्यासारखी फिरत होती.

शेवटी घरच्यांची पंगत बसली. कन्यादान होईपर्यंत रघुभाऊ उपाशी. आणि गंमत अशी की गावाला एवढ्या पंगती वाढणारा हा माणूस स्वतः कधी पंगतीत बसलेला मी पाहिला नव्हता. ते कायम टोपाशेजारी उभ्यानं, झाकणात भात घेऊन खाणारे. त्यांना मांडी घालून पानावर कसं बसावं तेही सुधरेना. जितूनं स्वतः वाढलं.

आम्ही जेवलो. आमच्याकडे पंगत एकदम उठते. एक माणूस जरी जेवत असला तरी बाकीच्यांनी हात धुवायचे नाहीत. आणि ही पंगत उठली की मुलीची पाठवणी. गाड्या लागलेल्या, शहापूरकरांची घाई चाललेली.

रघुभाऊ म्हणाले, "जितू, भात वाढ."

त्यांनी तो भात सावकाश कालवला. सावकाश खाल्ला. "अजून थोडा."

आधी आम्ही हसलो. आयुष्यभर लोकांना "आटपा, आटपा" म्हणून उठवणारा माणूस, आणि एकेक घास चिमणीसारखा खातोय! मग माझ्या शेजारी बसलेल्या वनितावहिनींनी तोंडाला पदर लावला, आणि आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. नवऱ्याचा मामा येऊन म्हणाला, "व्याही, उशीर होतो." रघुभाऊ पानातच बघत म्हणाले, "माझं जेवान व्हायचंय." बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. आमचे हात वाळून कोरडे झाले होते, पण ओळीतलं एकही माणूस हललं नाही.

सुप्रिया शालू सावरत आली आणि त्यांच्या पानाशेजारी खालीच बसली. "बाबा, पुरे ना आता. पोट दुखंल तुमचं."

"दुखू दे," रघुभाऊ म्हणाले. "मी उठलो की तू जाशील गो."

जितू बादली घेऊन पुढं झाला आणि त्यानं त्यांच्या पानावर, अगदी थोडा, अजून भात वाढला.