सोहोनी डॉक्टर चुकत नाहीत

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरच्यांनी बायकोचा चेहरा पाहिला. सोहोनी डॉक्टरांनी तिची मान पाहिली. साखरपुड्याला तिच्यासमोर उभे राहिले, डोकं तिरकं करून गळा न्याहाळला, "आ कर बघू" म्हणाले आणि भरल्या मांडवात जाहीर केलं, "उत्तम! नळी सुरेख जाईल." माझ्या सासऱ्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. हे भूल देणारे डॉक्टर आहेत, भूल देताना घशात श्वासाची नळी घालतात, आणि मनाने चांगले आहेत, असं त्यांना कुणीतरी घाईघाईने समजावलं.

डॉक्टर आमच्या समोरच्याच घरात राहत. एकटेच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रत्नागिरीत कुणाचं पोट उघडायचं झालं की सर्जन आधी सोहोनींना निरोप धाडत आणि मग वेळ ठरवत. ऑपरेशन यशस्वी झालं की आंब्याची पेटी मात्र सर्जनच्या घरी जाई. "कापणारा लक्षात राहतो," डॉक्टर म्हणत. "अरे, झोपवायला काय, कीर्तनकारही झोपवतो. उठवतो मी!"

या गृहस्थांना आयुष्यात एकच गोष्ट जमली नव्हती, ती म्हणजे चुकणं. एकदा मुंबईला जायला आम्ही हातखंब्याच्या फाट्यावर उभे होतो. गाडी या अंगालाच थांबणार, असं ठणकावून सांगत त्यांनी मला रस्त्याच्या अलीकडे उभं केलं. गाडी पलीकडे थांबली आणि पलीकडूनच निघून गेली.

"बस चुकली," मी म्हणालो.

"बरोबर. बस चुकली. आपण नाही."

पाऊस त्यांनी सांगितल्या दिवशी आला नाही तर ढग बेशिस्त. पत्त्यांत डाव गेला तर भिडू गाढव. भिडू बहुतेक वेळा मीच असे, त्यामुळे हे मी अधिकाराने सांगू शकतो.

ऑपरेशनच्या टेबलाशी मात्र हा माणूस कुणावर म्हणून विश्वास ठेवत नसे. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी होते, ती श्वासाच्या वाटेने फुप्फुसात उतरते आणि माणूस हातचा जातो. म्हणून पेशंटची ते अशी उलटतपासणी घेत की मला वकील असून हेवा वाटावा.

"काय खाल्लंस?"

"काय नाय."

"चहा?"

"त्यो काय, घोटभर."

"आणि पेज?"

"पेज व्हय? ती प्यालो. खाल्लं नाय काय."

"ऊठ! आज नाही. उद्या ये!"

कोकणात पेजेला कुणी जेवणात धरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "आपल्या माणसांचं पोट मी ओळखतो," छाती पुढे काढून सांगत. "पुण्याचा डॉक्टर इथे महिन्यात तोंडघशी पडेल."

आणि एक दिवस त्यांच्यावरच दावा लागला.

मुंबईत नोकरी करणारा एक तरुण अंतर्गळाच्या, म्हणजे हर्नियाच्या ऑपरेशनसाठी गावी आला होता. एका खाजगी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याची रीतसर तपासणी केली. चहा नाही, पेज नाही, काही नाही. भूल दिली आणि जे होऊ नये ते झालं. उलटी फुप्फुसात गेली. श्वास देणारं यंत्र तेव्हा आमच्याकडे कुठलं? डॉक्टर त्याच्या उशाशी बसून रबरी पिशवी हाताने दाबत राहिले. बोटं सुजली तरी दुसऱ्या कुणाच्या हाती पिशवी द्यायला त्यांचं मन होईना. नर्सनी बळेच उठवलं तर चहा पिऊन परत हजर. पण काही दिवसांनी पोरगा गेला. त्याच्या भावाने निष्काळजीपणाचा दावा ठोकला. आई साक्षीदार.

दाव्याचं उत्तर तयार करायला आम्ही माझ्या ऑफिसात बसलो. मी विचारलं, "तुम्ही सगळं विचारलं होतंत. मग त्याच्या पोटात आलं काय?"

"मोदक."

"कुणी दिले?"

"आईने. सकाळी नैवेद्य केला, डब्यातून आणला आणि भरवला. नळीतून खोबरं निघालं तेव्हाच मला कळलं होतं." मग म्हणाले, "मी पिशवी दाबत बसलो होतो ना, तेव्हा ती स्वतःच सांगायला आली. म्हणाली, बाप्पाचं मोदक केलं, माज्या हातानं भरवलं ह्येला, आता त्योच बघंल. मला धीर द्यायला सांगत होती रे!"

मी खुर्चीतून उठलोच. केस खिशात होती! म्हातारीला एकच प्रश्न विचारायचा, की पोराला प्रसाद दिलात का? ती सरळ हो म्हणणार. प्रसादाला खाणं कोण म्हणतं? पुढचं मी कोर्टाला समजावलं असतं.

"तो प्रश्न विचारायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

"अहो, आपण हरू."

"हरू."

"तुमचं नाव जाईल. उद्या एकही सर्जन बोलावणार नाही तुम्हाला."

"ते मला कळतं. पण तू कोर्टाला समजावलंस की तिलाही समजेल. घरी जाऊन ती काय करील?"

मला त्यांचा भयंकर राग आला. हातात आलेली केस सोडून द्यायची म्हणजे वाढलेल्या पानावरून उठण्यासारखं. मी पुष्कळ भांडलो. कोर्टात त्यांना ऐकायला लागणाऱ्या गोष्टी एकेक करून सांगितल्या. डॉक्टरांचं एकच, "प्रसादाचं मी विचारायला हवं होतं. इथेच जन्मलोय मी. पेजेचं सुचतं आणि प्रसादाचं सुचत नाही?"

पुढे निकाल विरुद्ध लागला. सर्जन चिपळुणाहून भूलवाला आणू लागले आणि डॉक्टर दुपारचे ओट्यावर एकटेच पत्ते मांडून बसू लागले. हे सगळं व्हायचं तसं झालं. पण माझ्या मनातून जात नाही ती साक्षीची दुपार.

म्हातारी पिंजऱ्यात उभी राहिली. नऊवारीचा पदर दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "काय नाय दिलं वो त्याला. उपाशी व्हता माजा पोरगा." मी उलटतपासणीला उठलो. प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर होता. मागे बाकावर डॉक्टर बसले होते. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्यांनी मान हलवली नसती, हे मला माहीत होतं. "प्रश्न नाहीत," म्हणालो आणि खाली बसलो. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

मग डॉक्टरांची पाळी. समोरचा वकील तयारीने आला होता.

"पेशंटचं पोट रिकामं आहे याची तुम्ही पूर्ण खात्री केली होती?"

"नाही."

"म्हणजे चूक तुमची?"

"माझी. मी विचारायला कमी पडलो."

समोरच्या वकिलाने पुढचे प्रश्न लिहून आणले होते. ते तसेच हातात राहिले. सगळं आयुष्य ढगांना आणि एस.टी.ला दोष देण्यात घालवलेला तो माणूस पिंजऱ्यातून खाली उतरला, ताठ मानेने. मला तोवर कुणाचाच इतका अभिमान वाटला नव्हता, आणि हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

बाहेर आलो तर पायऱ्यांपाशी म्हातारी थांबली होती. दावा लावणारा मुलगा तिला ओढत होता, पण ती हलेना. ती डॉक्टरांसमोर आली. आता शिव्याशाप देणार, अशी माझी खात्री झाली.

"डाक्टर," ती म्हणाली, "तुमी म्हनलात ता खरं? तुमचंच चुकलं?"

"हो आजी. माझंच."

तिने त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं.

"मंग माजा बाप्पा नाय ना चुकला?"

"नाही आजी. बाप्पा नाही चुकला."

म्हातारीने डोळे मिटून दोन्ही हात जोडले. मग मुलाचा हात धरून ती हळूहळू पायऱ्या उतरू लागली. मी डॉक्टरांना म्हणालो, "चला, घरी जाऊ."

"थांब जरा," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "तिला पुढे जाऊ दे."