काशिनाथ कोळी आणि तीन उजेड

दर दहा दिवसांनी, सकाळी साडेसातच्या सुमारास, आमच्या सोसायटीच्या गेटावर एक गृहस्थ ओल्या केसांनी येऊन उभे राहायचे. खांद्यावर टॉवेल, एका हातात दाढीचा आरसा, दुसऱ्या हातात प्लास्टिकचं आवरण घातलेलं एक छोटं कार्ड. ते आधी गेटाजवळच्या उन्हात उभे राहायचे, मग मीटरच्या खोलीत जाऊन ट्यूबलाइटखाली, आणि शेवटी जिन्याखालच्या पिवळ्या बल्बखाली. प्रत्येक ठिकाणी एकदा कार्डाकडे बघायचे, एकदा आरशात. मग जो पहिला माणूस समोर येईल त्याला अडवून विचारायचे,

"सांगा, कोन दिसतो मी?"

हे सहाव्या मजल्यावरचे काशिनाथ कोळी. वय एकसष्ट, लग्न केलेलं नाही. केसांचा रंग काय, हे मात्र सांगता यायचं नाही, कारण तो ठरलेला नसायचा. मी त्यांना जांभळ्या केसांत पाहिलंय, वांग्याच्या रंगात पाहिलंय, आणि एकदा तर तांब्याच्या बंबाच्या रंगात. पेपरवाला त्यांना "हिरो" म्हणतो. वॉचमनने एकदा त्यांना नवीन भाडेकरू समजून रजिस्टरमध्ये सही करायला लावली होती. त्यांनी मुकाट्याने केली.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यांनी तक्रार करायची आणि ज्याने कुणाकडेच करायची नाही असा माणूस. गेल्या तीन वर्षांत माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी निम्म्या काशिनाथरावांच्या डोक्याबद्दल आहेत. लिफ्टच्या आरशावर काळी बोटं, जिन्याच्या कठड्यावर तपकिरी पंजा, पाचव्या मजल्याच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर वरून पडलेले सात थेंब. पाचव्या मजल्यावर आम्हीच राहतो. साडी माझ्या बायकोची होती.

आता गंमत ऐका. हा माणूस महाप्याच्या एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं शेड मॅचिंग करत होता. गिऱ्हाइकाने रंगाचा तुकडा आणून दिला की तस्साच रंग बनवायचा, हे त्यांचं काम. तीन वेगवेगळ्या उजेडांत तपासायचं, तिन्हीकडे जुळला तर पास. हजारो लोकांच्या भिंती, पंखे आणि फ्रिज त्यांनी जुळवून दिले. स्वतःचं डोकं तेवढं जुळत नव्हतं.

बाजारातल्या तयार पाकिटावर त्यांचा विश्वास नव्हता. "पाकिटातला काळा म्हंजे काळा. त्याला खोली नाय," असं म्हणायचे. मग दोन-तीन पाकिटं एकत्र करायची, त्यात चहाचा कडक अर्क घालायचा, आवळ्याची पूड लोखंडी कढईत रात्रभर भिजवायची आणि ड्रॉपरने थेंब मोजायचे. हातमोजा एकच असायचा, दुसरा कायम हरवलेला. कपाळाला व्हॅसलीन लावायचं दर वेळी राहून जायचं, त्यामुळे पुढचे चार दिवस त्यांच्या कपाळावर आणि कानांवर एक काळी किनार दिसायची. मेंदीही लावून झाली होती. तेव्हा डोकं इतकं शेंदरी झालं की शनिवारी लोक लांबूनच हात जोडतील अशी मला भीती वाटली.

आणि कुणी हसलं, तर त्यांचं एकच उत्तर.

"शेड चुकली नाय सेक्रेटरी. उजेड चुकला."

एकदा टाकी धुवायची म्हणून पाणी बंद होतं. तशी नोटीस मी स्वतः लावली होती, तीन दिवस आधी, लाल अक्षरांत. सोसायटीत नोटीस वाचण्याची पद्धत नाही. सकाळी बेल वाजली. दारात काशिनाथराव, डोक्याला मासळीबाजारातली काळी पिशवी बांधलेली, दोन्ही कानांवरून ओघळ चाललेले.

"पानी हाय का? वीस मिनटं रंग ठेवायचा, चाळीस झाली. जलतंय."

बायकोने पिण्याच्या पाण्याची कळशी त्यांच्या डोक्यावर रिकामी केली. तेवढ्यात त्यांना चक्कर आली आणि ते आमच्या हॉलच्या भिंतीला टेकून बसले. भिंत दिवाळीत रंगवलेली होती. तिच्यावर त्यांच्या डोक्याचा गोल छाप उठला, तो आजही आहे, कारण दुसऱ्याच दिवशी ते डबा-ब्रश घेऊन आले आणि "मॅचिंग करून देतो" म्हणाले. ट्यूबलाइटखाली जागा सापडेना, इतकं बेमालूम काम. सकाळी ऊन आलं आणि भिंतीवर हिरवट चंद्र उगवला. मी काही बोलायच्या आतच ते खिडकीकडे बोट दाखवून मोकळे झाले.

सोसायटीत अर्थातच कुजबुज होती. एकसष्टाव्या वर्षी माणूस दर दहा दिवसांनी केस रंगवतो, रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डबा घेऊन दिवाळे गावाच्या दिशेने चालत जातो आणि नऊच्या आत परततो, याचा अर्थ न कळायला आम्ही काही दुधखुळे नव्हतो. माझ्या बायकोने साडीचे सात थेंब पोटात घालून त्यांच्यासाठी एक स्थळही आणलं. नावड्याच्या शाळेतल्या बाई, विधवा, स्वभावाने गरीब.

काशिनाथराव लाजले. कार्ड खिशात सरकवत म्हणाले, "वहिनी, माजी शेड एकाच ठिकानी पास व्हायची हाय. तिकडंच होत नाय, तर अजून कुठं नेऊ?"

"बघा," बायको मला आत येऊन म्हणाली, "आहे कुणीतरी दिवाळ्यात."

आणि खरंच होतं.

मागच्या मार्गशीर्षात त्यांनी एक नवीन पावडर मिसळली. दुपारी मला त्यांचा फोन आला, शब्द नीट कळेनात. वर गेलो तर दार उघडायला जो आला त्याला मी ओळखलं नाही. चेहरा सुजून परातीएवढा, दोन्ही डोळे बंद, ओठ जाड. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि बजावलं, "पुन्हा डोक्याला काही लावलंत आणि सूज घशात उतरली, तर इथपर्यंत पोचायलाही वेळ मिळणार नाही. रंग बंद. कायमचा."

"दहा दिवसांतून एकदा?" काशिनाथरावांनी विचारलं.

"एकदाही नाही."

"महिन्यातून?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं. भाजीवाल्याशी करावी तशी घासाघीस हा माणूस स्वतःच्या जिवाशी करत होता आणि का करतोय ते मला कळत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी चाचपडत ओट्यावरचा डबा माझ्या हातात दिला. "सेक्रेटरी, एक काम करा. हा दिवाळ्याला पोचवा. माज्या आयला. सात वाजता ती वाट बघते."

आई! तीन वर्षं आम्ही या माणसाला नवरदेव करत होतो.

दिवाळ्याला खाडीकडच्या गल्लीत त्यांच्या धाकट्या भावाचं घर आहे. उंबऱ्यात एक म्हातारी बसली होती. सगळं आयुष्य बेलापूरच्या बाजारात मासळी विकलेली बाई, हात अजून दणकट. मांडीवर एक फ्रेम. मी पुढे झालो तशी तिने माझ्याकडे बघितलं, मग फ्रेमकडे बघितलं.

"तू नाय," ती म्हणाली.

भावजय बाहेर आली. तिने सांगितलं ते असं. सासूबाईंना चारेक वर्षांपासून सगळं विसरायला झालंय. माणसं ओळखत नाहीत. फ्रेममध्ये काशिनाथभाऊजींचा नोकरी लागली तेव्हाचा फोटो आहे, तेवढा मात्र ओळखतात. येईल त्याला त्या फोटोशी लावून बघतात. जुळला तर तो काश्या, आणि काश्याच्या हातचंच रात्रीचं जेवण. नाही जुळला तर उपाशी झोपतात. सुरुवातीला, आम्ही सोसायटीत राहायला येण्याआधी, काशिनाथभाऊजींनी त्यांना बेलापूरच्या फ्लॅटवर नेऊन बघितलं, तर त्या दिवसभर लिफ्टमध्ये बसून राहिल्या, होडी कधी सुटणार म्हणून. शेवटी इथेच आणलं.

मी फ्रेम बघितली. फोटो रंगीत, पण खिडकीसमोर टांगून टांगून पार उडालेला. आकाश गुलाबी झालं होतं, शर्ट पिवळा, आणि तरुण काशिनाथचे केस तांबूस जांभळे.

"दरसाल उडतोय ओ फोटो," भावजय म्हणाली. "म्हनून भाऊजी बी दरसाल रंग बदलतात. नवीन कॉपी आनलेली, काळेभोर केसवाली. सासूबाय बोलल्या, ह्यो कोन परका? फेकून दिली."

मी उंबऱ्यातच खाली बसलो. खिशातलं ते कार्ड म्हणजे या फोटोतल्या केसांच्या रंगाचा नमुना होता, हे आता कळलं. या माणसाला तरुण दिसायचंच नव्हतं. त्याला एका उडालेल्या फोटोसारखं दिसायचं होतं, आणि फोटो एका रंगावर थांबत नव्हता. आणि मी त्याला तीन लेखी नोटिसा दिल्या होत्या. मला माझीच लाज वाटली.

म्हातारीने त्या दिवशी डबा उघडूही दिला नाही.

पुढचे दोन महिने वाईट गेले. केसांच्या मुळाशी पांढरं दिसायला लागलं. काशिनाथराव रोज जायचे, रोज परत यायचे, डबा भरलेला. भावजय पेज पाजायची, त्यातली निम्मी सांडायची. कुणीतरी केसांचा टोप आणून दिला. तो घालून गेले तर म्हातारीने टोप ओढून हातात घेतला, मांजर समजून शुकशुक केलं आणि गल्लीत फेकला. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

न्हावी म्हणाला, सगळं उतरवून टाका, काळंही नको आणि पांढरंही नको. त्यावर काशिनाथराव दुकानातून ताडकन उठले. "आय जिती असताना डोकं भादरू? तिनं बघितलं तर काय समजंल ती?" अर्धे तांबडे, अर्धे पांढरे केस घेऊन ते उन्हातून घरी आले. त्या दिवशी गेटावर त्यांना कुणी काही म्हणालं नाही. मी वॉचमनला आधीच दम देऊन ठेवला होता.

माघ संपता संपता शेवटचा तांबडा केस कापला गेला. डोकं पांढरंशुभ्र. त्या संध्याकाळी ते माझ्या दारात आले. "चला जरा माज्यासंगट. एकट्याला धीर होत नाय."

आम्ही चालत गेलो. उंबऱ्यात म्हातारी होती, वाळून अर्धी झालेली. तिने काशिनाथरावांकडे बघितलं, फ्रेमकडे बघितलं. पुन्हा वर बघितलं. मग तिने फ्रेम बाजूला ठेवली आणि डोक्यावरून पदर घेतला.

"किती उशीर केला," ती म्हणाली. आवाज एकदम नव्या नवरीचा. "आत बसा."

काशिनाथराव जागच्या जागी थिजले. भिंतीवर त्यांच्या बापाचा हार घातलेला फोटो होता. तेच पांढरे केस, तोच भांग. बाप जाऊन वीस वर्षं झाली होती.

ते आत जाऊन तिच्यासमोर बसले. डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण. घास पुढे केला. तिने मान फिरवली.

"काश्या आल्याबिगर मी नाय जेवनार. तुमाला ठाव नाय. तुमी नसता. तो रोज येतो, एक दिस चुकवत नाय. हल्ली कुठं गेलाय कोन जाने."

काशिनाथरावांचा हात तसाच पुढे होता. कालवण मनगटावर ओघळत होतं. मला वाटलं, आता हा माणूस मोडणार.

"कामावर हाय तो," ते हळूच म्हणाले. "येल. हे त्यानंच पाठवलंय. त्याच्याच हातचं हाय, बघ खाऊन."

तिने वास घेतला. मग घास घेतला. बराच वेळ चघळत राहिली.

"त्याचंच हाय," ती म्हणाली, आणि तोंड उघडलं.

दोन भाकऱ्या खाल्ल्या तिने. मध्येच एकदा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "त्याला सांगा, इतका राबू नको. त्याला मी कदी बोलले नाय, पन लय गुनाचा हाय आपला पोर."

"सांगतो," ते म्हणाले.

आम्ही चालतच परतलो. सोसायटीच्या गेटाशी आल्यावर ते थांबले. तिथे ट्यूबलाइट फडफडत होती. ती दुरुस्त करायची मी किती दिवस लांबणीवर टाकली होती.

"आय जेवली," ते म्हणाले. "पन माजी वाट बघत जेवली, सेक्रेटरी. मी समोर बसलेलो. आता रोज अशीच बघनार."

त्यांनी सवयीने खिशात हात घातला, कार्ड काढलं, न बघताच परत ठेवलं. मग ट्यूबलाइटकडे तोंड करून उभे राहिले.

"सांगा, कोन दिसतो मी?"

"काशिनाथ कोळी," मी म्हणालो. "सहावा मजला. आमच्या डोक्यावर राहणारे."

त्यांनी मान हलवली. पुन्हा एकदा सांगा, असं म्हणाले. मी पुन्हा सांगितलं.