तळघरातली अडीच इंच उंच जमीन

तळघरात सुतारकामाची खोली करायची असं तपशीलरावांनी ठरवलं, त्यात लाकडाचं प्रेम थोडं आणि दाराचं जास्त होतं. (हे टोपणनाव कचेरीनं दिलेलं. साधी पेन्सिल मागवायलाही ते तीन पानी टिपण लिहीत.) वरच्या घरात खिळा ठोकायला हातोडी उचलली, की बायकोचा सल्ला आधी पोचायचा. तळघराला मात्र दार होतं आणि ते आतून लागत होतं. माणसाला आणखी काय हवं?

अडचण एकच, खाली उघडं काँक्रीट. तासाभरात पाय गारठायचे. टाइल्स, रबर आणि प्लायवूड यांचा तुलनात्मक तक्ता झाला. दुकानदार म्हणाला, "आधी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवा. खाली पाणी दिसलं तर जमिनीला ओल आहे." दुसऱ्या दिवशी थेंब दिसले. प्लास्टिक गळकं आहे, असा निष्कर्ष तपशीलरावांनी काढला.

"अहो, पाणी खालून येतंय," बायको जिन्यावरून म्हणाली.

"कळतं मला!" (कळलं होतं त्याच क्षणी.)

शेवटी खाली जाड प्लास्टिक, त्यावर लाकडी पट्ट्या, वर प्लायवूड असं ठरलं. एकूण उंची अडीच इंच. रविवारी सकाळी त्यांनी दार आतून लावून घेतलं आणि कामाला लागले.

"दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघितलंत ना?" बाहेरून आवाज आला. त्यांनी ड्रिल मशीन सुरू केलं.

दुपारपर्यंत भिंतीपासून थेट दारापर्यंत अशी सपाट जमीन झाली, की त्यांचा ऊर भरून आला. जेवायला जावं म्हणून त्यांनी दार ओढलं. दार आत उघडणारं होतं. नव्या जमिनीनं ते खालून घट्ट अडवलं होतं.

"दाराजवळची एक फळी काढा," बायको बाहेरून म्हणाली.

"फळी निघणार नाही. हवं तर दार निघेल!"

तासाभरानं बिजागऱ्या सुटल्या आणि दार तपशीलरावांच्या अंगावर आलं. पलीकडे बायको ताट घेऊन उभी होती. "आता खालून अडीच इंच कापा. खूण करून देऊ?"

"माझं मोजून झालंय."

मोजलं होतं खरोखर काटेकोर. दार चौकटीत छान बसलं, फक्त बिजागऱ्यांची भोकं अडीच इंच वर गेली. कापलं होतं वरचं टोक. भोकं जुळवायला मग खालूनही अडीच इंच कापावे लागले.

संध्याकाळी दार लागलं, आतून कडीही बसली. तपशीलरावांनी समाधानानं पहिली फळी टेबलावर ठेवली आणि करवत उचलली. दाराच्या वर अडीच इंचांची फट होती, जिन्यावर बसणाऱ्याच्या नेमकी तोंडासमोर. बायको चहाचा कप घेऊन तिथेच बसली होती.

"चालू द्या तुमचं, मी मध्ये बोलत नाही," ती फटीतून म्हणाली. "करवत उलटी धरलीय, एवढंच."