हैबतरावांची सपाट टेबलावरील मोहीम

श्री वक्रतुंड प्रसन्न. ज्याची सोंड वाकडी त्याणे आम्हांस सरळ बुद्धी द्यावी, कारण जे लिहिणे आहे ते लिहिताना डोके ठिकाणावर राहणे कठीण. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आणि ते नाव आम्हांस पुरेपूर लागू पडले. ते समयी आमचे राज्यात पूल नामे खेळाचे एकच टेबल होते. त्यावर हिरवी बनात, म्हणजे लोकरी कापड, ताणून बसविलेले, कडेस सहा खिसे, आणि पांढरे चेंडूस काठीने हाणून रंगीत चेंडू त्या खिशांत लोटावे, ऐसा खेळ. त्या टेबलाचा एक पाय जमिनीत खचला होता, त्यायोगे कोणताही चेंडू हाणला तरी नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे ढळे. पाय खचला तर उचलून खाली पाचर घालावी, इतकी साधी गोष्ट; परंतु वृद्ध गुरू आबाजीपंत यांणी त्या उताराचे शास्त्र केले. नेम खिशाच्या चार बोटे ईशान्येस धरावा, बनात दमट म्हणोन जोर दुप्पट लावावा, आणि ‘नैर्ऋत्य तारील’ म्हणोन हाणावे. समस्त मंडळी ऐसेच शिकली, आणि पृथ्वीवरील यच्चयावत् टेबले नैर्ऋत्येसच ढळतात ऐसे धरून चालली. पंतांचा पट्टशिष्य हैबतराव या विद्येत ऐसा निपुण की राज्यात त्यास जोड नव्हती.

मग उत्तरेकडील थंड मुलखातून स्पर्धेचे बोलावणे आले, आणि पंत भरसभेत गर्जले, “हैबत्या पहिल्याच सामन्यात पडला तर माझी विद्या खोटी. काठी खुंटीस टांगीन, पुन्हा हात लावणार नाही!” आम्ही मोहिमेचे कारकून, हळूच म्हटले, “पंत, एवढी प्रतिज्ञा कशास?” पंत म्हणाले, “तुम्ही विमानाची तिकिटे सांभाळा.” ती सांभाळून आम्ही विमानाने कूच केले आणि हॉटेलात तळ दिला आणि सरावास गेलो, तो तेथील बनात कोरी, हवा कोरडी, सर्व कसे तुळतुळीत. हैबतरावाने घरच्या जोराने पांढरा हाणला, तो चारी कडांस भेट देऊन उडाला आणि गोऱ्या पंचाचे बुटावर पडला. पंतांनी त्यास विचारले, “नैर्ऋत्य कोणीकडे?” त्या भल्या गृहस्थास वाटले, मंडळींस प्रार्थना करणे आहे, त्याणे एक शांत खोली उघडून दिली. मग आम्ही मोबाइलात दिशा पाहिली आणि हैबतरावाने चार बोटे ईशान्येस नेम धरला आणि चेंडू बिचारा आज्ञाधारक, तो नेमका चार बोटे ईशान्येसच गेला आणि कडेवर आपटला. हे दुपारपर्यंत चालले. अखेर पंतांनी तक्रार गुदरली की टेबल नादुरुस्त आहे, ढळत नाही. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु अंगण सरळ म्हणोन नाचता येईना, हा पराक्रम आमचेच राज्याने केला! पंचाने सपाटी पाहण्याची पाणसळ आणून टेबलावर ठेविली, आणि तीतील बुडबुडा मधोमध उभा राहिला. पंत म्हणाले, “यांचा बुडबुडाही यांसच सामील!” आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो.

दुसरे दिवशी सामना. प्रतिपक्षी एक उंच बाई, शाळेत भूगोल शिकविणारी. म्हणजे नैर्ऋत्य कोठे हे तिजला आम्हांहून अधिक ठाऊक, परंतु तिणे तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. सात डाव प्रथम घेईल तो विजयी, ऐसा करार, आणि तिणे पाच घेतले तेव्हा आमचे पदरी भोपळा. हैबतराव घाम पुसत आला आणि म्हणाला, “पंत, एकदा सरळ मारून पाहतो.”

“सरळ? हे शिकवले मी तुला?”

“नाही शिकवले. पण तुमची काठी खुंटीवर लटकलेली मला पाहवायची नाही.”

पंतांनी तोंड फिरविले. मग हैबतरावाने खिशाकडेच नेम धरला आणि हलकेच हाणले आणि चेंडू आत गेला, आणि तो स्वतःच दचकला. मग दुसरा गेला, तिसरा गेला, आणि डावामागून डाव घेत त्याणे सामना जिंकला. पुढील सामन्यात पडला, परंतु अब्रू राहिली. बाईने हात मिळवून शाबासकी दिली. पंतांनी दिली नाही.

परतीचे विमानात पंत जेवले नाहीत. म्हणाले, “जिंकलास रे. पण माझे टाकून जिंकलास. मग खोटा मीच ना?” आमचा संयम सुटला आणि आम्ही ओरडलो, “पंत, टेबलाचा पाय खचला आहे हो!” तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. उचलू गेलो तर पायच मोडत होता, आणि राज्यात दुसरे टेबल नव्हते. होते त्यावर शिकवले. त्यात माझे काय चुकले, ते तेवढे सांगा.” साऱ्या मोहिमेत तेव्हा प्रथमच आम्हांस त्यांचा राग आला नाही, उलट फार वाईट वाटले.

घरी येताच पंतांनी काठी खुंटीस टांगली. लोक म्हणाले, मोहीम फत्ते झाली, प्रतिज्ञा उरली कोठे? पंत ऐकेनात. मग हैबतराव सर्वांदेखत म्हणाला, “पंत, माझ्याशी एक डाव खेळा. मी हरलो तर विद्या खरी, आणि मला पुन्हा शिकवायचे.” डाव मांडला. हैबतरावाने उतार धरून, चार बोटांच्या हिशेबाने, तीन चेंडू ऐसे घातले की जुने लोक डोलले. मग शेवटचा काळा चेंडू राहिला, तो जो लोटील त्याचा डाव. हैबतरावाने काठी टेकली, खचल्या पायाकडे एकवार पाहिले, आणि खिशाकडे अगदी सरळ हाणले. काळा ढळला आणि खिशाचे तोंडाशी थांबला. पंतांनी “नैर्ऋत्य तारील!” म्हणोन तो आत लोटला, आणि सारे राज्य नाचले. पंत त्याचे पाठीवर थाप देऊन म्हणाले, “परमुलखाने बिघडवले तुला. उद्या सकाळी ये.” हैबतराव खाली पाहून म्हणाला, “येतो, पंत.”

एकूण वर्तमान ऐसे की, काठी खुंटीवरून उतरली आणि टेबल वाकडे ते वाकडेच आहे. पुढील सालाचे बोलावणे आले आहे, आणि पंत नव्या चौघांस चार बोटे ईशान्य शिकवीत आहेत. निघताना आम्ही त्या मुलखातून एक पाणसळ विकत आणिली होती. ती काढावी म्हणोन आम्ही रोज पेटी उघडतो, आणि हैबतराव आम्हांकडे पाहतो, आणि आम्ही पेटी लावतो. लिहिणारास बहुत ताप जाहला, वाचणारास न व्हावा. येथे लेखणी ठेविली.