ओसरीवरचं विशेषण

बुधवारी सकाळी एक इंग्रजी विशेषण माझ्याकडे राहायला आलं. त्याचं नाव कॅन्टँकरस. चप्पल काढून ते ओसरीवर बसलं आणि पाणी मागितलं.

माझ्या बायकोनं, हौसानं, तांब्या भरून दिला. मी गाव विचारलं.

"गाव नाही," ते म्हणालं. "आम्ही विशेषण. आम्हांला एकटं राहता येत नाही. कुणाच्या तरी नावाआधी राहावं लागतं."

"मग माझ्याकडेच का?"

"तुमच्या नावाआधीची जागा रिकामी आहे."

हे खरं होतं. आमच्या गावात प्रत्येकाच्या नावाआधी काहीतरी असतं. बोबडा किसन आहे, घाऱ्या डोळ्यांचा दामू आहे. मी नुसता तात्याबा. जन्मभर गवंडीकाम केलं, पण नावाला कुणाला हात लावू दिला नाही.

"तुमचा अर्थ काय?"

"तो आम्हांला सांगता येत नाही. आम्ही फक्त लागतो."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"घरातल्या दुसऱ्या नावाला लागू. रविवारपर्यंत थांबतो."

रविवारी माझ्या नातीची, मोहिनीची, सुपारी फुटायची होती. मुलगा आणि सून सुरतेला कामाला असतात, त्यांची नावंही तिकडेच. घरात उरली तीन नावं. हौसानं आपलं आधीच सोडवून घेतलं.

"माझ्या नावाआधी हे हायत," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. "तात्याबाची हौसा. जागा न्हाई."

विशेषणानं नीट पाहिलं आणि मान्य केलं. म्हणजे मी, नाहीतर मोहिनी.

मी हायस्कूलच्या फडतरे मास्तरांना बोलावलं. त्यांनी विशेषणाला नमस्कार केला. ओळख जुनी असावी.

"तिरसट म्हणा," मास्तर म्हणाले.

"तिरसट माझा मेहुणा आहे. तो असा दिसत नाही."

"मग भांडखोर. उगाच हुज्जत घालणारा. कशालाही बरं न म्हणणारा. बहुतेक वयस्क माणसाला लागतं."

"ही चार माणसं झाली, मास्तर. हा एक कोण?"

"चारही मिळून एक."

"हे होत नाही. चार विटांना कुणी एक वीट म्हणत नाही. वाक्यात घालून दाखवा."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओसरीवर पाहिलं. "चहा फक्कड झालाय, हौसाकाकू," असं म्हणून ते उठले.

मला काहीच कळलं नाही. शिवी असेल तर माझ्या तोंडावर कुणी दिलेली नाही. कौतुक असेल तर ते मास्तर इतकं दबकत का सांगतील? विशेषण शेंगा खात बसलं होतं. त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

रविवारी पाहुणे आले. नवऱ्यामुलाचे आजोबा, वसगडेकर पाटील, मधोमध बसले. विशेषण मोहिनीच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन उभं राहिलं. पोरीच्या नावाआधी असलं काही दिसलं तर सोयरीक तिथंच मोडणार, हे कळायला इंग्रजी लागत नाही.

पाटलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "आपलं नाव?"

"कॅन्टँकरस तात्याबा गणू खरमाटे," मी म्हणालो.

विशेषण उंबऱ्यावरून आलं आणि माझ्या आधी सतरंजीवर बसलं. मला सरकावं लागलं.

"घराण्यात पहिल्यापासून आहे?" पाटलांनी विचारलं.

"आत्तापासून."

"बरं," ते म्हणाले. सुपारी फुटली.

पाहुणे गेले तशी मोहिनी बाहेर आली. डोळे लाल.

"आबा, ते मला लागणार होतं. तुम्ही का घेतलंत?"

"तुझ्यासाठीच घेतलं, पोरी."

"मी चार दिवस त्याला शेंगा भाजून देत होते. तिकडं सासू आहे, आजेसासू आहे, दोन जावा आहेत. मी काय नुसत्या नावानं जाऊ?"

मी हौसाकडे पाहिलं. ती म्हणाली, "पोरगी बरोबर बोलतीया. मी नुसत्या नावानं आले होते."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

मी विशेषणाला विचारलं. ते म्हणालं, एकदा लागल्यावर नाव बदलता येत नाही. नियम आहे.

"नाव बदलू नका," मी म्हणालो. "पाठराखीण म्हणून जा. आमच्यात नवरी पहिल्यांदा सासरी जाताना घरचं एक माणूस सोबत जातं. काही दिवस राहतं आणि परत येतं."

त्यानं शेंगांची टरफलं गोळा केली. "तशी मनाई नाही," शेवटी म्हणालं.

लग्न झालं. मोहिनीच्या गाडीत, तिच्या शेजारी, विशेषण बसून गेलं. हौसानं त्याला टॉवेल-टोपी दिली. इकडे मी नुसता तात्याबा झालो. लोकांना वाटलं मला बरं नाही. दोघंजण विचारायला आले.

काही दिवसांनी ते एसटीनं परत आलं. अंगानं भरलं होतं.

"पोरगी कशी आहे?" मी विचारलं.

"सकाळी सगळ्यांच्या बरोबरीनं चहाला बसते. तिच्या चुलीत कुणी हात घालत नाही."

"तुमचं नाव किती वेळा निघालं?"

"एकदाही नाही. आम्ही दाराशी बसून होतो. तेवढं पुरलं."

"अर्थ विचारला कुणी?"

"नाही."

मी थोडा सरकलो. ते माझ्या आधी बसलं.