तेवीस माणसे आणि एक अंगठा

फोन सात होते, फोटो एक हजार एकशे बेचाळीस, आणि ज्या एका फोटोवरून घरात दोन महिने धुसफुस चालली होती त्यात माणसे तेवीस. कुटुंब चोवीस जणांचे. चोविसावी आत्या.

फोटो आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा होता. त्या दिवशी डबा उघडताना आत्याचा अंगठा कापला, पट्टी बांधण्यात वेळ गेला आणि ती हॉलवर बारा वाजता पोचली. तिचे म्हणणे, तोवर सगळ्यांनी फोटो उरकून घेतला होता. बाबांचे म्हणणे, फोटो नंतरचा आहे आणि त्यांनी स्वतः तिला हाक मारली होती. दोघे भाऊबहीण साठीला टेकलेले, पण अबोला धरला तो शाळकरी पोरांसारखा. दर रविवारी येणारी आत्या यायची बंद झाली. आजोबा मात्र रविवारी सकाळपासून खिडकीजवळची खुर्ची अडवून बसत.

"आली का ती?"

"शेजाऱ्यांची गाडी होती, आजोबा."

"बरं," म्हणून आजोबा पुन्हा रस्त्याकडे बघत. पाच मिनिटांनी पुन्हा, "आली का?"

घरातल्या थोरल्या मुलीला हे बघवेना. तिला सगळे मोजपट्टी म्हणत. लहानपणी ती केकचे तुकडे पट्टीने आखून कापायची, आणि पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यावर तर तिला रानच मोकळे मिळाले.

"भांडायचं कशाला?" ती म्हणाली. "तारीख, वेळ, कुठल्या फोनने काढला, सगळं फोटोच्या पोटात लिहिलेलं असतं. बाराच्या आधीचा की नंतरचा, एवढंच बघायचं."

तिने फोटो उघडला, त्याची माहिती काढली आणि ती पडद्याच्या आणखी जवळ वाकली.

"काय झालं?" बाबा म्हणाले.

"हा फोटो वाढदिवसानंतर दोन दिवसांनी, रात्री नऊला काढलाय. फोनचं नाव कोरं."

"तेव्हा मी दाताच्या डॉक्टरकडे होतो!"

कोपऱ्यातून खाकरण्याचा आवाज आला. धाकटा भाऊ. "मी तो जरासा सुधारला होता."

"जरासा म्हणजे किती?"

"बाबांचं टक्कल चमकत होतं, ते मंद केलं. मागचा पंखा पुसला. टेबलावरचा अर्धा केक बरा दिसत नव्हता, तोही पुसला. आणि खाली कोपऱ्यात काहीतरी पांढरं, गुंडाळलेलं आलं होतं. नॅपकिन असेल. तो भाग कापला."

"आणि मूळ फोटो?"

"त्याच्यावरच सेव्ह केलं. जागा नव्हती फोनमध्ये."

केक किती उरलाय यावरून मोजपट्टीला वेळ ताडता आली असती; अर्धा केक हा पुरावा होता आणि या गाढवाने तो पुसून टाकला होता. "तुला तो पाठवला कोणी?"

"आठवत नाही गं. त्या दिवशी जो तो माझ्या हातात फोन देत होता, चार बरे निवड म्हणून."

"काढला कोणी?"

"हॉलचा माणूस असेल," बाबा म्हणाले.

हॉलच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, ताई, मी दिवसभर वाढत होतो, माझ्या हाताला लागलेलं तेल बघून मला कुणी पाणीसुद्धा मागितलं नाही.

मग मोजपट्टीने पद्धतशीर कामाला सुरुवात केली. लॅपटॉपवर तीन फोल्डर उघडले. 'मूळ', 'प्रत' आणि 'सुधारित'. सातही फोनमधले फोटो तारेने 'मूळ'मध्ये उतरवायचे, त्यांना कुणी हात लावायचा नाही. त्यांची प्रत काढायची, काय रंगरंगोटी करायची ती प्रतीवर, आणि सेव्ह करताना आतली माहिती जशीच्या तशी सोबत न्यायची. कुणीही काहीही ग्रुपवर पाठवायचे नाही, कारण तिथून जाताना फोटो आपली तारीख रस्त्यात सांडतो. सगळ्यांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी बाबांनी मदत म्हणून फोटोंना नावे दिली. 'छान', 'छान दोन', 'बरा', 'मी'. आईने हलून आलेले एकसष्ट फोटो लॅपटॉपवरून पुसून टाकले.

"अगं, तोंडंच दिसत नव्हती कुणाची."

"आई, ते 'मूळ' होतं!"

"मूळ असलं म्हणून काय झालं? कचरा तो कचराच."

आईचे एकसष्ट तिने पुन्हा उतरवून घेतले, 'मूळ'ला कुलूप घातले आणि तिसऱ्यांदा मोजले. एक हजार एकशे बेचाळीस. पण भांडणाचा तो फोटो, न सुधारलेला, त्यात कुठेच नव्हता. सुधारलेल्या फोटोतल्या भिंतीवरच्या उन्हाच्या कवडशावरून वेळ काढावी म्हणून तिने कागदावर कोन मांडले. दोन तासांनी धाकटा सहज म्हणाला, "तो उजेड मी टाकलाय. छान वाटतो ना?" शेवटी फोटोत हॉलचे घड्याळ सापडले. दहा वाजून दहा!

"म्हणजे बाराच्या आधीचाच!" ती ओरडली.

"बंद होतं ते," आई म्हणाली. "त्याचा सेल काढून मीच माइकमध्ये घातला. तुझे बाबा भाषण करणार होते ना."

राहता राहिला आठवा फोन. तो आत्याचा.

आत्याने दार उघडले, पण अर्धेच. "बापाने पाठवलं?"

"नाही. मला तुझ्या फोनमधले फोटो हवेत. मूळ."

"माझ्या फोनमध्ये काय मेलं असणार? नवा फोन घेतला ही चूक झाली बघ. दिवसभर 'आत्या, आमचा एक काढ', 'काकू, आमचा एक'. बसायला मिळालं नाही मला. घे, काय हवं ते घे. चहा टाकते. तुझ्यासाठी हं, तुझ्या बापासाठी नाही."

मोजपट्टीने तार लावली. फोटो उतरू लागले. चहा निवला तरी तिने कपाला हात लावला नाही. दोनशे चौदावा फोटो आला आणि ती खुर्चीतून उठली. पंखा होता. अर्धा केक होता. बाबांचे टक्कल दिव्यासारखे लखलखत होते. वेळ दुपारी बारा सत्तेचाळीस. फोन आत्याचा. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, भिंगाची कड झाकून, पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला एक अंगठा.

आत्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. बराच वेळ बघितले.

"हा माझा अंगठा."

"हो."

"म्हणजे मी होते."

"होतीस. पलीकडच्या बाजूला."

आत्याने चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. मग म्हणाली, "लाव त्याला फोन."

पलीकडून बाबा विजयी मुद्रेने बोलल्याचे आवाजातच कळत होते. "बघ! म्हटलं नव्हतं, मी हाक मारली म्हणून?"

"मारलीस की! कशाला मारलीस? तेवीस जण ओळीत उभे केलेस आणि सख्ख्या बहिणीच्या हातात फोन! कापलेला अंगठा घेऊन मी तुमचे फोटो काढत होते! आणि एकाच्याही तोंडून निघालं नाही की ही राहिली."

बाबा बरोबर, आत्या चूक, असा निष्कर्ष मोजपट्टीने फोटोची वेळ बघताच तयार केला होता. तो तिने मनातल्या मनात खोडला.

"चुकलं गं," बाबा म्हणाले. "रविवारी ये. पुन्हा काढू. सगळ्यांना बोलावतो."

"सगळे म्हणजे सगळे. आणि मधली खुर्ची माझी."

रविवारी आजोबांना "आली का?" विचारायची वेळच आली नाही. आत्या नाश्त्यालाच हजर होती, आणि आल्या आल्या "हा पडदा कोणी धुतला नाही का?" म्हणून तिने घर ताब्यात घेतले. एकेक करून सगळे जमले. मोजपट्टीची सकाळपासून धावपळ चालली होती. भिंतीवरच्या घड्याळात नवा सेल घातला, फोनची वेळ त्याच्याशी जुळवली, भिंग पुसले, फरशीवर खडूने उभे राहायच्या खुणा केल्या.

"सगळ्यांनी आपापले फोन खिशात! एकच फोटो, एकाच फोनवर!"

"मी काढू का?" धाकट्याने विचारले.

"तू हातसुद्धा लावायचा नाहीस. उभा राहा तिथे, तिसऱ्या खुणेवर. बाबा, डोळे उघडे. आत्या, हनुवटी वर. हं, कुणी हलू नका!"

बाबांनी दोनदा डोळे मिटले, तिसऱ्यांदा जमले. मोजपट्टीने जेवायच्या आधी फोटो 'मूळ'मध्ये उतरवला, कुलूप लावले, प्रत काढली आणि मोठ्या पडद्यावर दाखवली. आजोबा आत्याच्या हातावर हात ठेवून हसत होते. आत्याने पदराने डोळे टिपले. "आता कसं, भरलेलं घर दिसतंय," ती म्हणाली. बाबांनी टकलावरून हात फिरवला आणि ते आहे तसेच राहू दे म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मोजपट्टीने सवयीने फोटोची माहिती उघडून तपासली. वेळ दुपारी बारा एकवीस. जागा बरोबर. फोन मोजपट्टीचा. कोपऱ्यात अंगठा नाही. मग तिने फोटोवर बोट फिरवत माणसे मोजली. पुन्हा एकदा मोजली.

तेवीस.