चौदा स्वरांचा हिशेब

गिटारला सहा तारा होत्या आणि मानेवर एकोणीस फ्रेट, म्हणजे आडव्या पट्ट्या. एपासून जीपर्यंत स्वर सात. प्रत्येकाच्या पुढे एकेक शार्प, म्हणजे अर्धा चढा स्वर, धरला की चौदा. आजोबा आणि नात ज्यांच्याकडे गिटार शिकत, त्या सरांच्या तक्त्यात मात्र बाराच होते. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासून निवृत्त झालेल्या आजोबांना यात सरळ काटा मारलेला दिसला.

"ई आणि एफच्या मधला कुठे गेला?"

"तिथे नसतो, काका. बी आणि सीच्या मध्येही नसतो."

"पण का?"

"नसतोच!"

असली उत्तरं आजोबांनी नोकरीभर ऐकली होती.

शुक्रवारी स्केलची, म्हणजे सप्तक क्रमाने वाजवण्याची, परीक्षा होती. दहापैकी निदान सहा मिळाले, तरच कार्यक्रमात स्टेजवर नातीच्या शेजारी बसता येणार होतं. नाहीतर खाली, पालकांत. घरी येताच आजोबांनी दोघांच्या सामाईक गिटारवर स्वरांच्या नावांची स्टिकरं चिकटवली आणि गाळलेल्या दोन्ही स्वरांना हक्काची जागा दिली.

मग सीपासून स्केल वाजवली. ती नुसती चढतच गेली, मुक्कामाला काही पोचेना.

"आजोबा, वाकडं वाजतंय," नात म्हणाली. तिलाही स्केल नवीनच होती.

"तार जुनी झालीय."

नवी तार लावली, तरी तेच. मग ती आणखी पिळली, ती तुटली. दुकानदाराने तिसरी तार देताना विचारलं, "काका, गिटार वाजवता की सुतळी वळता?"

आजोबांनी अखेर निदान केलं. "दोष कानाचा आहे. त्याला सवय नाही. तू स्टिकर वाचून वाजव."

नात गुणी होती. तिने घोटून घोटून पाठ केलं. गुरुवारी स्वयंपाकघरातून आजीसुद्धा म्हणाली, "अहो, आज बरं लागतंय की! इतके दिवस मेलं डोकं उठत होतं."

आजोबांनी नातीकडे विजयी नजरेने पाहिलं.

परीक्षेत नात आधी बसली. चौथ्या स्वराला सरांचा ताल धरलेला पाय थांबला. नंतर आजोबांनी तेच, तस्संच वाजवलं. सरांनी पेन खाली ठेवलं.

"चुकणारे खूप पाहिले, काका. पण दोघं इतकी एकसारखी चुकलेली पहिल्यांदाच. हे शिकवलं कोणी?"

नातीने आजोबांकडे पाहिलं. आजोबा चष्मा पुसू लागले.

"पोरीला धरू नका, सर," ते हळूच म्हणाले. "स्टिकरं माझी आहेत."

"गुण वाजवण्याला असतात, काका."

नातीला दहापैकी चार मिळाले. आजोबांना साडेचार.